फौजदारकाकांचं वंगण

फौजदारकाकांनी आयुष्यात कधी मुंगीसुद्धा मारली नाही. बेसमेंटमध्ये कोळी दिसला की ते त्याच्यावर काचेचा पेला उपडा घालायचे, खालून हलकेच पुठ्ठा सरकवायचे आणि ती वरात जिन्यावरून वर आणून कोळ्याला गराजमध्ये सोडून द्यायचे. अंगणात नाही, गराजमध्येच. "बाहेर मायनस अठरा आहे. जाईल कुठे बिचारा?" असं वर विचारायचे. आणि हाच माणूस दर शनिवारी सकाळी कुलूपबंद पेटीतली रायफल गाडीच्या डिकीत ठेवून गोळ्या झाडायला निघायचा. कागदावर! कागदालाही इजा होते याचं त्यांना थोडं वाईट वाटत असावं, कारण त्यांच्या बऱ्याचशा गोळ्या कागदाच्या बाजूनं जायच्या.

फौजदार हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव मराठी मंडळानं ठेवलेलं. मूळचे ते रत्नागिरीकडचे. धातुशास्त्र शिकून सत्तरच्या दशकात कॅनडात हॅमिल्टनला आले आणि पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर नोकरी करून निवृत्त झाले. मी आणि माझा नवरा नितीन दोन हजार पंधराच्या आसपास त्यांच्या शेजारी राहायला आलो, हॅमिल्टनच्या वरच्या अंगाला, ज्याला इथे सगळे माउंटन म्हणतात. सह्याद्रीत वाढलेल्या माणसानं त्याला टेकाड म्हटलं असतं. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा काका ड्राइव्हवेमध्ये येऊन उभे राहिले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "मी शेजारचा. शनिवारी दारू भरायला जातो, बाकी दिवस घरीच असतो. काही लागलं तर सांगा."

नितीननं माझ्याकडे पाहिलं. ही दारू काडतुसात भरायची, हे कळायला आम्हांला महिना लागला. तोवर मी सुमनकाकूंशी फार सहानुभूतीनं बोलायचे आणि त्या गोंधळून जायच्या.

दारू भरायचं काम खरं तर जॅकच्या शेडमध्ये चालायचं. जॅक हा काकांचा भट्टीवरचा सोबती, दाराच्या चौकटीत जेमतेम मावणारा, बायको गेल्यापासून एकटा. त्यानंच काकांना पहिल्यांदा रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, नेलं होतं. जॅक शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायचा. "शिसं माझ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही," हा काकूंचा जुना हुकूम होता आणि तो अखेरपर्यंत पाळला गेला. जॅकच्या गोळ्या गराजच्या पुढे कधी आल्या नाहीत. काकांकडे होतं ते वंगण. शिशाची गोळी तशीच झाडली तर शिसं रायफलच्या नळीत आतून चिकटून बसतं. म्हणून गोळीच्या कमरेला खाच ठेवतात आणि तिच्यात मेणासारखं घट्ट वंगण भरतात. जॅक पूर्वी ते वंगण मोटारीच्या ग्रीसपासून बनवायचा. काकूंच्या मते त्याला मेलेल्या ट्रकसारखा वास यायचा. मग काकांनी स्वतःचं बनवलं: नायगाराच्या बाजूच्या एका मधवाल्याकडचं मधमाशांचं मेण, थोडं एरंडेल, आणि गावाहून कुणीतरी आणलेलं कोकमतेल, ते अंड्यासारखे पांढुरके गोळे मिळतात ते.

"दारू कुणीही भरेल हो," काका म्हणायचे, "वंगणाला माणूस लागतो." हे वाक्य ते कशालाही लावायचे. मंडळात नाटकाच्या तालमीवरून भांडण झालं, काका म्हणाले वंगण कमी पडलं. माझं आणि नितीनचं विंटर टायर्स कधी लावायचे यावरून वाजलं, तेव्हा काका कुंपणापलीकडून म्हणाले, "नितीन, तू दारूच दारू भरतोयस. वंगण कुठाय?" नितीननं त्याच दुपारी टायर्स बदलून घेतले.

ते वंगण गोळीत भरायचं एक यंत्र होतं. गराजमधल्या बाकाला बोल्टनं घट्ट बसवलेलं, ओतीव लोखंडाचं, एका बाजूला लांब दांडा आणि मागे उभी नळकांडी. नळकांडीत वंगण वितळवून ओतायचं, गार होऊ द्यायचं, वरून स्क्रू पिळला की ते दाबानं खाली उतरून गोळीच्या खाचेत शिरतं. काकूंनी ते यंत्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे सोऱ्याच की." काकांना हा यंत्राचा अपमान वाटला होता. मग त्यांनी दोन दिवस विचार केला आणि येऊन मान्य केलं की तत्त्व तेच आहे.

वंगण वितळवण्याचा दिवस म्हणजे त्या घरात सणच असायचा. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं पातेलं, त्यात मेण. मेण थेट आचेवर ठेवलं तर पेट घेतं, म्हणून काका गॅसपाशी ठाण मांडून बसायचे आणि कुणी बोलायला आलं की हात वर करायचे. दोन्ही पातेली काकूंनी वेगळी काढून दिली होती आणि त्यांवर नेलपॉलिशनं "यांचं" असं लिहिलं होतं. माझी मुलगी तेव्हा शाळेतून येताना थेट त्यांच्या मागच्या दारात थांबायची आणि नाक वर करून विचारायची, "इज काका कुकिंग ऑर शूटिंग?"

गाडी घसरली ती गणपतीत. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये होता, सगळे अनवाणी. अध्यक्ष प्रमिलाताई लंगडत आरतीला आल्या. त्यांच्या टाचांना पडलेल्या भेगा काकांनी पाहिल्या. वंगण कितपत घट्ट झालंय ते अंगठ्यानं दाबून बघायला काकांच्या खिशात नेहमी एक डबी असायची. ती त्यांनी काढून दिली.

"हे लावून बघा."

"काय आहे यात?"

"कोकमतेल, मेण, एरंडेल."

"अय्या, अगदी आजीचं औषध! कशावर असतं हे?"

काकांना खोटं बोलता यायचं नाही. ते म्हणाले, "घर्षणावर."

आठवड्याभरात प्रमिलाताईंच्या टाचा गुळगुळीत झाल्या आणि काकांच्या घरचा फोन खणखणू लागला. आधी हॅमिल्टनच्या बायका, मग स्कारबरोच्या, मग मार्कहॅमहून एक बाई सासूबाईंना घेऊन गाडी चालवत आल्या. काकांना नाही म्हणता यायचं नाही. ते प्रत्येकीला डबी भरून द्यायचे आणि "थंडीत जास्त टिकतं" वगैरे माहितीही द्यायचे. रायफलचं कुणी विचारलं नाही आणि काकूंनी सांगू दिलं नाही. मार्कहॅमच्या सासूबाई निघताना काकांच्या पाया पडू लागल्या. काका दोन पावलं मागे सरकून सोफ्यावर बसले.

अशा तऱ्हेनं काकांचं सगळं वंगण ओंटारिओतल्या मराठी टाचांना लागलं, आणि नेमका तेव्हाच जॅक आला.

मी त्या दिवशी काकूंकडे विरजण मागायला गेले होते. जॅक स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता, पुढ्यात चहा. त्यानं फिरवून फिरवून सांगितलं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरनं त्याचं गाडी चालवणं बंद केलं होतं. समोर पाहिलं की मधोमध धूसर डाग दिसायचा. मुलगी लांब पश्चिमेला एडमंटनला राहते, ती नोव्हेंबरमध्ये येऊन त्याला घेऊन जाणार होती. त्याआधी नेमबाजीच्या क्लबची त्या मोसमातली शेवटची स्पर्धा होती, जोडीजोडीची. हे दोघं त्या स्पर्धेत वर्षानुवर्षं भाग घेत आणि वर्षानुवर्षं शेवटचे येत. जॅकनं गोळ्या ओतून ठेवल्या होत्या, कॉफीच्या डब्यात भरून गराजमध्ये आणूनही ठेवल्या होत्या.

"ऑल वी नीड इज युअर लूब," तो म्हणाला.

काकांनी फडताळ उघडलं, रिकामी बरणी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. जॅकनं ती हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली, कारण त्याला ती रिकामी आहे हे दिसत नव्हतं. मग बरणीत बोट घालून फिरवलं तेव्हा त्याला समजलं.

"दुकानातून विकत आणू," जॅक म्हणाला.

"दुकानातलं?" काका म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की जॅकनं चहा घेतला आणि विषय सोडला.

मेण मिळालं असतं. पण कोकमतेल संपलं होतं आणि गावाहून कुणी डिसेंबरच्या आत येणार नव्हतं. जॅक गेल्यावर काका गराजमध्ये जाऊन उभे राहिले. काकूंनी माझ्या हातात विरजणाची वाटी दिली आणि म्हणाल्या, "मेधा, बस जरा. तुझा फोन काढ. मला मंडळाचे नंबर लावून दे एकेक."

त्यांचं बोलणं मी अजून विसरलेले नाही. "हं, मी सुमन बोलतेय. टाचा कशा आहेत? बऱ्या आहेत ना? मग उरलेलं मलम परत कर. हो, परत. ह्यांना गोळ्यांना लागतंय. नाही गं, औषधाच्या नाहीत. बंदुकीच्या." मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज.

पण शनिवारी दुपारी बायका आल्या. स्टीलच्या डब्या, बाळाच्या क्रीमच्या बाटल्या, एकीनं तर कुंकवाचा करंडा भरून आणला. कुणी त्यात कापूर घातला होता, कुणी हळद, कुणी गुलाबाचं अत्तर. मार्कहॅमच्या सासूबाईंनी आपलं बोटभर उरलेलं कुरिअरनं पाठवलं होतं. काका प्रत्येक डबीचा वास घेत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. "हे वंगण राहिलेलं नाही," ते म्हणाले, "हे पूजेचं सामान आहे." पण दुसरा मार्ग नव्हता. सगळं "यांचं" लिहिलेल्या पातेल्यात पडलं.

यंत्र थंड असलं तर वंगण कडेनं आधी गोठतं आणि मधे पोकळी राहते. म्हणून काकांनी नळकांडीला काकूंचं कंबर शेकायचं पॅड गुंडाळलं आणि वरून हेअर ड्रायर धरायचं काम प्रमिलाताईंना दिलं. अध्यक्ष असल्यामुळे त्या ते काम फार गंभीरपणे करत होत्या. काकांनी चिमट्यात पातेलं धरून आणलं. हातात ओव्हनचे मोजे, नाकावर चष्मा. सगळ्याजणी बाजूला झाल्या. धार लागली. पिवळीजर्द, एकसंध, सुंदर धार.

धार चालूच राहिली. पातेलं रिकामं होत आलं तरी नळकांडी भरेना.

"केवढी खोल आहे ही," प्रमिलाताई कौतुकानं म्हणाल्या.

"अहो!" काकू ओरडल्या. "खालून!"

यंत्राच्या बुडाशी नट ढिला राहिला होता. सगळं वंगण तिथून बाकावर, बाकावरून खाली गुंडाळून ठेवलेल्या मंडळाच्या सतरंजीवर संथपणे उतरत होतं. काका पातेलं धरून नुसतेच पाहत राहिले. काकूंनी भिंतीवरचा पाना उचलला, यंत्राखाली हात घातला आणि नट दोन हिसक्यांत आवळला. मग घरात जाऊन परात आणली.

"चकती बसवल्याशिवाय सोऱ्यात पीठ भरतं का कुणी?" त्या म्हणाल्या. "खरवडा आता सगळ्यांनी."

आणि आम्ही खरवडलं. उलथनी, सुरी, माझं एक जुनं बँकेचं कार्ड. प्रमिलाताई सतरंजीवरचा थर सोलून काढत होत्या आणि अधूनमधून थोडा टाचांना लावत होत्या. पुन्हा वितळवून, माझ्या चहाच्या गाळणीतून गाळून ते दुसऱ्यांदा ओतलं. या वेळी भरलं. काकांनी सगळ्यांना घरात पिटाळलं, कारण गार होताना त्याला धक्का लागलेला चालत नाही. आम्ही आत थालीपीठं खाल्ली. संध्याकाळी काकांनी पहिली गोळी यंत्रात ठेवून दांडा ओढला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेला पिवळीधमक कडी होती, अगदी कुंदन केल्यासारखी. काकांनी ती उजेडात धरली आणि चष्मा काढून पुसला.

स्पर्धेला आम्ही सगळे गेलो. काकूही आल्या. इतक्या वर्षांत रेंजवर यायची त्यांची ही पहिलीच वेळ. नियम असा की एकानं झाडायचं आणि जोडीदारानं मागे दुर्बीण लावून गोळी कुठे लागली ते सांगायचं. जॅकला निशाणाचा मधला काळा गोल दिसतच नव्हता. भोवतालची पांढरी कड तेवढी दिसायची. काका मागून घड्याळाच्या आकड्यांनी दिशा सांगत होते, "टू ओ'क्लॉक, जॅक. अ लिटल लेफ्ट." मग उत्साहाच्या भरात त्यांचं इंग्रजी संपलं. "वर! अरे वर! थोडं खाली. हां, तिथेच, तिथेच, हलू नकोस!" आणि जॅक त्याप्रमाणे नळी वर-खाली करत होता. भट्टीच्या आवाजात चाळीस वर्षं काका त्याच्यावर याच भाषेत ओरडले असणार.

प्रत्येक बाराबरोबर थोडा धूर उठायचा आणि कापूर, गुलाब आणि मधाचा वास सगळ्या रेंजवर पसरायचा. शेजारच्या जागेवरच्या दाढीवाल्यानं रायफल खाली ठेवली आणि नाक ओढत इकडेतिकडे पाहिलं. "स्मेल्स लाइक चर्च," जॅक डोळा निशाणावरून न काढता म्हणाला. प्रमिलाताईंनी नकळत हात जोडले होते.

निकाल लागला. ते शेवटून दुसरे आले. गाडी पंक्चर झाल्यामुळे एक जोडी आलीच नव्हती, तिला शून्य गुण होते. काकांना हे सांगू नये असं माझं मत होतं, पण नितीननं सांगितलं. काकांनी जॅककडे पाहिलं. जॅक म्हणाला, "वी बीट देम, डिडन्ट वी?" आणि दोघं म्हातारे एकमेकांच्या पाठीवर इतक्या जोरात थापा मारू लागले की काकूंना मधे पडावं लागलं.

नोव्हेंबरमध्ये जॅकची मुलगी आली. निघताना गाडी काकांच्या ड्राइव्हवेमध्ये थांबली. जॅक खाली उतरला. दोघांनी हात मिळवले आणि ते सोडायचे कधी हे बहुधा दोघांनाही ठरवता येईना. शेवटी काका गाडीकडे वळून मुलीला म्हणाले, "विंटर टायर्स लावलेस ना?" ती म्हणाली, हो. "ऑल फोर?" हो. काकांनी चारही टायर्स वाकून पाहिले, एकेकाला लाथ मारून पाहिली. जॅक तोवर उभाच होता. गाडी कोपऱ्यावरून वळून गेल्यावरही काका रस्त्याकडे पाठ करून गराजच्या दाराकडे तोंड करून थांबले होते, आणि काकू आतून त्यांची टोपी घेऊन येऊन शेजारी थांबल्या.

त्यानंतर काका रेंजवर जाईनात. एकट्यानं कसं जायचं, असं कधी म्हणाले नाहीत. शनिवारी पाठ दुखते म्हणायचे. आणि त्याच शनिवारी त्याच पाठीनं आपला, आमचा आणि पलीकडच्या घराचा ड्राइव्हवे शोव्हल करून टाकायचे. एकदा तर बर्फ पडायच्या आधीच फावडं घेऊन आभाळाकडे बघत उभे होते. आम्ही नातेवाइकांसारखं त्यांना घरी बोलावायचो, ते यायचे, कढी प्यायचे, हसायचे, आणि कुठे बोट घालून काही तपासायचंय असा त्यांचा अंगठा खिशात चाळा करत राहायचा.

एका दुपारी काकूंनी मला बोलावलं. टेबलावर बंदुकीच्या परवान्याचे कागद होते. त्यांनी सुरक्षेचा कोर्स केला होता, गुपचूप, दोन शनिवार-रविवार; मंडळाच्या हिशेबाला जाते असं घरी सांगून. वर्गात सगळे हरणाच्या शिकारीची स्वप्नं बघणारे तरुण आणि मधे अंबाडा घातलेल्या काकू. लेखी परीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. प्रात्यक्षिकात शिकवणाऱ्यानं रायफल हातात दिली तर आधी ती रिकामी असल्याची खात्री करून मग त्यालाच रागावल्या की तुम्ही बघून का दिली नाहीत.

आता अर्जावर नवऱ्याची सही हवी होती. काका चष्मा लावून वाचत बसले. पहिलं पान, दुसरं पान, पुन्हा पहिलं.

"अहो, तुमच्या वेळी मी न वाचता सही केली होती."

"विचार करायला नको का? बायकोच्या हातात बंदूक म्हणजे..." काकांनी वर पाहिलं. त्यांनी सही केली, आणि सहीच्या जागी नव्हे, त्याच्याखालच्या रकान्यात केली, म्हणून कागद पुन्हा मागवावे लागले.

परवाना आला तोवर उन्हाळा आला होता आणि आमचं ओटावाला जायचं ठरलं होतं. निघायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांना भेटायला रेंजवरच गेले. काका आता या जगात नाहीत, पण मला ते आठवतात ते त्या सकाळचे. काकू बाकाशी बसलेल्या, पंजाबी ड्रेस, पायात बूट, अंबाड्यावरून कानांचे मफ. त्यांनी खांदा टेकवला, श्वास धरला आणि बार काढला. काकांनी दुर्बिणीतून पाहिलं. मग दुर्बीण पुसून परत पाहिलं.

"कुठे लागली?" काकूंनी मागे न वळता विचारलं.

"मधोमध," काका म्हणाले. त्यांना ते खरं वाटत नव्हतं.

त्यांच्या एका हातात दुर्बीण होती आणि दुसऱ्या हातात, छातीशी धरलेली, काकूंची मोठी तपकिरी पर्स. क्लबचा तो दाढीवाला जवळून जाताना थांबला आणि मागच्या रिकाम्या बाकाकडे बोट दाखवून म्हणाला, पर्स तिथे ठेवलीत तरी चालेल.

"नो, नो," काका म्हणाले, आणि पर्स आणखी घट्ट धरली. "शी टोल्ड मी टु होल्ड इट."